शेतात सापडणारी नाणी आणि मेटल डिटेक्टर

प्रश्न : पारोळा तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित शेतात नांगरट करताना अधूनमधून तांब्याचे जुने पैसे सापडतात. मेटल डिटेक्टर घेऊन नाणी शोधण्याचा छंद सुरू करावा, असे मनात आहे. कोणते यंत्र घ्यावे आणि सापडलेले नाणे जवळ ठेवता येते का?
— एक वाचक, जि. जळगाव

उत्तर : यंत्र निवडण्याआधी आपल्या जमिनीचा विचार करावा. खान्देशातील काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली असून तिच्यात लोहखनिजांचे चुंबकीय कण बरेच असतात; त्यामुळे ग्राउंड बॅलन्सची, म्हणजे मातीचा परिणाम वजा करण्याची सोय नसलेले स्वस्त यंत्र मोकळ्या रानातही उगाच वाजत राहते. ही सोय हाताने जुळवता येणारे साधे व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेच्या लहरींवर चालणारे यंत्र घ्यावे. काहीही पुरलेले नाही अशा जागी कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची गोल चकती, जमिनीलगत वर-खाली करत आवाज शांत होईपर्यंत ते जुळवावे आणि तरीही कुरकुर राहिली तर संवेदनशीलता थोडी कमी करावी.

पहिला सराव घराच्या परसात करावा. चालू नाणे, खिळा आणि औषधाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट ५, १० आणि १५ सेंटिमीटर खोलीवर पुरून प्रत्येकाचा आवाज कानात बसू द्यावा, कारण ॲल्युमिनियमचा पत्रा नाण्यासारखाच वाजतो आणि नवशिक्याचा बहुतेक वेळ त्यातच जातो. शेतात उतरल्यावर जुन्या गाडीवाटेची कड, खळ्याची जागा आणि बांधावरच्या मोठ्या झाडाची सावली आधी पाहावी. माणसे जिथे थांबत, तिथेच त्यांचे पैसे पडत.

मात्र पांढरीच्या, म्हणजे जुन्या उजाड वस्तीच्या टेकाडावर यंत्र नेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. प्रकाशे आणि बहाळ येथील उत्खननांत अशाच टेकाडांतून ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातील वस्तीचे अवशेष मिळाले. अशा ठिकाणी नाणे कोणत्या थरात होते यावरून त्या थराचा काळ ठरवता येतो आणि ते उपसून काढले की तो पुरावा कायमचा जातो. थाळनेर येथील खान्देशच्या फारुकी सुलतानांच्या कबरींसारख्या संरक्षित स्मारकांच्या आवारात विनापरवाना खोदणे तर गुन्हाच आहे. नांगराने आधीच उलथलेल्या थरातील सुटे नाणे वेगळे. पण खाली मडके किंवा नाण्यांचा पुंजका लागला, तर हात तिथेच थांबवावा.

आता कायद्याविषयी. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. ती वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा ती हजर करण्याची हमी द्यावी लागते. हे टाळल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेत आपले असले तरी हे बंधन सुटत नाही. म्हणून आजवर सापडलेल्या पैशांविषयीही अर्ज करून त्याची पोच घ्यावी. नाणे आपल्याकडे राहील की नाही, हे चौकशीनंतरच ठरते.

तोवर ते चिंचेने किंवा राखेने घासू नये, कारण तांब्यावरच्या हिरवट थराबरोबर अक्षरेही झिजतात. फक्त साध्या पाण्यात माती सुटू द्यावी, नाणे सावलीत वाळवावे आणि कागदी पाकिटात ठेवून त्यावर गट क्रमांक, खोली आणि तारीख लिहावी.