‘हो’ म्हणण्याआधी हातात किती ते विचार

नागपूर

सप्रेम आशीर्वाद.

मिहानमधल्या कंपनीकडून 6 लाखांची ऑफर येतेय हे वाचून फार बरं वाटलं. पण 6 लाखांना 12 ने भागून महिन्याचे 50 हजार मनात धरले असतील, तर ते आजच पुसून टाक.

हे 6 लाख म्हणजे वर्षाची सीटीसी, कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च. कागद घेऊन मांड. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मं धरलं तर महिन्याला 25,000. त्याच्या 12 टक्के, म्हणजे वर्षाचे 36,000, हा कंपनीचा पीएफचा वाटा याच 6 लाखांत मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकचे 4.81 टक्के, 14,430, तेही यातच. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, 10 टक्के असेल तर आणखी 60,000 बाजूला. उरले 4,89,570, म्हणजे महिन्याला 40,800 च्या आसपास. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 गेला (फेब्रुवारीत 300) की हातात येतात जेमतेम 37,600. काही कंपन्या पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच, म्हणजे 1,800 कापतात. तसं असेल तर हातात जास्त येतात, पण साठतात कमी. व्हेरिएबलबद्दल एवढंच विचार: गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं?

तेव्हा एचआरचा फोन आला की आनंद जरूर दाखव, होकार देऊ नकोस. ‘पगाराचा ब्रेकअप मेलवर पाठवा, दोन दिवसांत कळवतो’ म्हणायचं; ब्रेकअप म्हणजे कशाचे किती याची फोड. तोंडी ऑफर आणि सही यांच्यामधले हे दोन-तीन दिवसच तुझे. सही झाल्यावर कोणी ऐकत नाही.

अपेक्षा विचारतीलच. आधी तूच विचार, या पदासाठी बजेट किती आहे? नाहीच सांगितलं तर आकडा दे. ‘साडेसहा ते साडेसात’ म्हटलं की समोरच्याला साडेसहाच ऐकू येतं, म्हणून खालचं टोक असं ठेव की तेवढ्यावर तू खुशीने रुजू होशील. आकडा सांगून झाला की गप्प बस. फोनवरची शांतता सहन न होऊन मुलं स्वतःच ‘थोडं कमी चालेल’ म्हणतात, आणि तिथेच पैसे जातात.

‘नागपुरात खर्च कमी’ हे वाक्य हमखास येईल. तेव्हा घरभाड्यावर वाद घालू नकोस, घरच्या कर्जाचंही सांगू नकोस. काम आणि जबाबदारी पुण्याच्या टीमइतकीच आहे का, एवढंच विचार. सध्याचा पगार मात्र एक रुपयाही फुगवून सांगू नकोस. पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, बँक स्टेटमेंट मागतात, आणि तफावत सापडली तर ऑफर रद्द होते.

फिक्स्ड, म्हणजे दरमहा नक्की मिळणारा पगार, हलत नसेल तर जॉइनिंग बोनस माग. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो बहुधा परत द्यावा लागतो, ती अट वाच. सध्याच्या कंपनीचा नोटीस पीरियड पूर्ण न करता निघालास तर त्याचे पैसे कोण भरणार तेही ठरव. आणि पगारवाढीची कट-ऑफ तारीख, म्हणजे कधीपर्यंत रुजू झालं तर वाढ मिळते, ते विचार: ती चुकली तर एप्रिलची वाढ हुकते आणि पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागतं. फोनवर जे कबूल होईल ते त्याच दिवशी मेलवर लिहून त्यांच्याकडून ‘कन्फर्म’ घे. मूळ गुणपत्रिका दाखव, ठेवून देऊ नकोस.

ब्रेकअप आला की मला पाठव, आपण आकडे मिळून बघू. सही-शिक्क्याचं ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा टाइपसुद्धा करू नकोस.