कुटुंब म्हणजे रेणू नव्हे

नागपूर

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

कौटुंबिक उत्पन्नाच्या वितरणाला सांख्यिकीय भौतिकीची (असंख्य कणांचे वर्तन सरासरीने मांडणाऱ्या शास्त्राची) पद्धत लावण्याचा तुझा आराखडा लक्षपूर्वक वाचला. विषय मोलाचा आहे. परंतु वायूतील रेणूंच्या जागी तू थेट कुटुंबे ठेवली आहेस आणि तिथेच मला थांबावे लागले.

द्रागुलेस्कू आणि याकोवेंको या भौतिकशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये मांडलेल्या प्रारूपात दोन व्यक्तींमध्ये व्यवहार होतो, रक्कम एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि एकूण पैसा तेवढाच राहतो. या अक्षय्यतेतूनच बोल्ट्झमन-गिब्ज यांचे घातांकीय वितरण (रक्कम वाढेल तशी ती बाळगणाऱ्यांची संख्या ठरावीक प्रमाणात घटत जाणारे) निघते आणि तापमानाची जागा सरासरी रक्कम घेते. उत्पन्नाला अशी अक्षय्यता नाही. म्हणून अमेरिकेच्या प्राप्तिकराच्या आकड्यांत बहुसंख्यांचे उत्पन्न घातांकीय आणि वरच्या मोजक्या टक्क्यांचे परेटोच्या घातनियमानुसार, म्हणजे त्याहून संथपणे विरळ होत जाणारे, दिसते, हे निरीक्षण म्हणूनच स्वीकार.

कुटुंबाचा हिशोब आणखी वेगळा असतो. एक जण बुटीबोरीच्या कारखान्यात आणि दुसरी सीताबर्डीच्या दुकानात कमावते आहे, दोघांच्या उत्पन्नांचे वितरण सारखेच घातांकीय आहे आणि ती परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरले, तर बेरजेचे वितरण शून्यापासून चढते, एका व्यक्तीच्या सरासरीपाशी शिखर गाठते आणि मग उतरते. गिनी गुणांक (विषमतेचे माप; 0 म्हणजे पूर्ण समानता) 0.5 वरून 0.375 वर येतो. केवळ मोजण्याचे एकक बदलल्याने विषमता एवढी कमी दिसते. आता, शिकलेल्यांची लग्ने बहुधा शिकलेल्यांशीच होत असताना ही उत्पन्ने स्वतंत्र कशी मानायची? तुझ्या प्रबंधाचा गाभा मला या प्रश्नात दिसतो.

काटोलच्या संत्रा बागायतदाराला बहार उतरल्यावरच पैसा मिळतो, त्यामुळे एका महिन्याची मिळकत बाराने गुणून त्याचे वार्षिक उत्पन्न काढता येत नाही. गारपिटीच्या वर्षी खर्च वजा जाता उत्पन्न ऋणही येते आणि घातांकीय वितरणात त्याला जागाच नाही. अशी कुटुंबे तक्त्यातून गाळू नकोस. शिवाय शेती उत्पन्नाला प्राप्तिकरातून सूट असल्याने करविवरणांवरून वरचे टोक मोजलेस, तर मोठा बागायतदार नीट दिसणार नाही.

खर्चाची आकडेवारी उत्पन्नाच्या जागी वापरू नकोस. खर्चातली विषमता सहसा कमी असते. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या 2011-12 च्या फेरीत कुटुंबाचे उत्पन्न स्रोतवार विचारले आहे, तिथून आरंभ कर. वरच्या टोकाचा घातांक लॉग-लॉग आलेखावर पट्टीने रेष ओढून ठरवू नकोस; मॅक्सिमम लाइकलीहूड पद्धतीने (हाती आलेले आकडे सर्वाधिक संभाव्य ठरवणारे मूल्य निवडून) काढ आणि लॉगनॉर्मल वितरण (ज्यात उत्पन्नाचा लॉगॅरिदम घंटाकृती पसरतो) त्याहून सरस बसते का, तेही तपास. एक कमावता आणि दोन कमावते असलेली कुटुंबे वेगळी काढून दोन्हींचे संचयी आलेख (दिलेल्या रकमेहून अधिक उत्पन्न किती कुटुंबांचे, हे दाखवणारे) आधी पाठव.

तुझा शुभचिंतक