भांग, गांजा आणि दारू यांचे कायदे एकत्र करून राज्याने नव्याने का लावू नयेत?

नशेच्या पदार्थांविषयीचे विखुरलेले कायदे राज्याने एकाच पुस्तकात का आणू नयेत, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात वकिली करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

सगळे एकत्र आणणे राज्याच्या हातात नाही. गांजा, चरस, अफू यांचा १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा कायदा संसदेचा आहे. दारू मात्र राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत येते आणि तिच्यासाठी १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. खरा घोळ या दोहोंच्या बांधावर आहे. केंद्राच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्यावर किंवा फळावर आलेले शेंडे. शेंड्यांशिवायची पाने व बी त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे महाशिवरात्रीला घोटली जाणारी पानांची भांग तेथून निसटते आणि तिच्यावरील निर्बंध दारूबंदीच्या कायद्यात शोधावे लागतात.

हा बारकावा पुस्तकी नाही. एका खटल्यात तुरीच्या तासांत लावलेली झाडे मुळासकट उपटून, मातीसह, धान्याच्या काट्यावर तोलली गेली आणि पंचनाम्यात २१ किलो वजन आले. गांजा २० किलोंहून अधिक भरला की व्यापारी प्रमाण ठरते, किमान १० वर्षांची शिक्षा लागते आणि एनडीपीएसच्या कलम ३७ मुळे जामीन अडतो. शेंडे वेगळे तोलले असते, तर उरला असता तो मुख्यतः लागवडीचा गुन्हा, ज्याची शिक्षा १० वर्षांपर्यंत आहे.

म्हणून राज्याने आपल्या कायद्यातील भांग व इतर मादक द्रव्ये दारूपासून वेगळ्या प्रकरणात काढावीत आणि शेजारीच केंद्राची व्याख्या सोप्या मराठीत छापावी, असे माझे मत आहे. दारूच्या भागाला हात लावण्याची घाई नको. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली, तरी त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही.

कायद्याच्या त्याच वेगळ्या प्रकरणात एनडीपीएसच्या कलम ४६ व ४७ यांचाही उल्लेख हवा. शेतात बेकायदा लागवड असल्यास ती तत्काळ कळवण्याचे बंधन जमीनधारकावर आहे, आणि माहिती असल्यास ती कळवण्याचे सरपंच, पंच व इतर ग्राम अधिकाऱ्यांवरही आहे. मक्त्याने शेत देऊन गावाबाहेर राहणाऱ्या किती मालकांना हे ठाऊक असेल? माझ्याकडे आलेल्या एका सरपंचाने तर ते कलम नोटीस हाती पडल्यावरच पहिल्यांदा वाचले होते.