पिवळ्या-तपकिरी लोकल का गेल्या?

तुम्ही विचारलंय की लहानपणी मुंबईत पाहिलेल्या पिवळ्या-तपकिरी लोकल आता का दिसत नाहीत, त्या जुन्या झाल्या म्हणून काढल्या का, आणि त्यांच्या आधी कसल्या गाड्या होत्या. मी १९८९ पासून निवृत्त होईपर्यंत डोंबिवली-व्हीटी (आजचं सीएसएमटी) असा रोजचा प्रवास केला. या गाड्यांवर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्यातल्या बऱ्याच गाड्या थकल्या होत्या हे खरंच. पण त्यांचा मुक्काम संपला तो वयामुळे नाही, डोक्यावरच्या तारेतली वीज बदलली म्हणून.

सुरुवात ३ फेब्रुवारी १९२५ ची. त्या दिवशी व्हीटीहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत विजेवरची पहिली गाडी धावली. चारच डबे. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन उद्घाटनाला होते. गाड्या अर्थात बाहेरून आलेल्या, इंग्लंड आणि जर्मनीतल्या कारखान्यांत बांधलेल्या. जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत वीज आली. दोन्हीकडे तारेत १५०० व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज होती. त्या काळी ते शहाणपणाचंच होतं, कारण डीसी मोटर चालवायला सोपी आणि थांबलेल्या गाडीला जोरात ओढून काढणारी. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीला आणखी काय हवं?

स्वातंत्र्यानंतर काही वर्षं परदेशी गाड्या येत राहिल्या. मग कोलकात्याच्या जेसप कंपनीने आणि पेरांबूरच्या आयसीएफने, म्हणजे रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याने, डबे बांधायला घेतले. तुमच्या आठवणीतली गाडी बहुधा यांच्यापैकीच. १९६० च्या दशकात ९ डबे आले, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात १२.

इथेच खरी अडचण सुरू झाली. नळाला दाब कमी असला की तेवढंच पाणी आणायला पाइप जाड लागतो, तसंच विजेचं. १५०० व्होल्टवर १२ डबे ओढायचे तर तारेतून प्रचंड प्रवाह सोडावा लागतो. तार जाड लागते, दर थोड्या किलोमीटरवर सबस्टेशन लागतं, आणि गर्दीच्या वेळी एकामागोमाग गाड्या सुटल्या की विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, घसरतो. रेल्वेने १९५७ मध्येच नव्या मार्गांसाठी २५,००० व्होल्टची एसी, म्हणजे सतत दिशा बदलत वाहणारी वीज निवडली होती. कोलकाता आणि मद्रासच्या लोकल साठच्या दशकात तिकडे वळल्या. मुंबई मात्र मागे राहिली. इथे गाड्या आणि माणसं इतकी की मार्ग बंद ठेवून काम करायचं कधी, हाच प्रश्न. शिवाय २५,००० व्होल्टची वीज १५०० व्होल्टपेक्षा लांब अंतरावरूनही उडी मारते, त्यामुळे तार आणि पूल यांच्यामध्ये मोकळी जागा जास्त लागते. आणि इंग्रजांच्या काळातले आपले पूल ठेंगणे. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, त्यामागे हेही एक कारण होतं.

जुन्या डीसी गाडीचा आवाज आजही माझ्या कानात आहे. ती सुटताना डब्याखाली एकेक खटका पडायचा, खट्, खट्, खट्, आणि प्रत्येक खटक्याला बारीकसा हिसका बसायचा. वेग वाढवण्यासाठी मोटरच्या वाटेतले रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारे भाग, एकेक करून बाजूला काढले जायचे, त्याचा तो आवाज. म्हणजे सुटताना थोडी वीज नुसती उष्णता होऊन जायची. उभं राहणारा माणूस त्या हिसक्यांचा ताल ओळखून कडी धरायचा. पंखा बंद पडला की कुणीतरी खिशातला कंगवा जाळीतून घालून पातं ढकलायचं आणि पंखा सुरू व्हायचा. डोंबिवलीकरांपैकी ज्याने हे केलं नाही, असा माणूस मला भेटलेला नाही.

वीज बदलायचं काम टप्प्याटप्प्याने झालं, त्यामुळे मधली काही वर्षं दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या लागल्या. काही जुन्या डब्यांमध्ये नवी यंत्रं बसवली. पण मोठा बदल नोव्हेंबर २००७ चा. सीमेन्सची विद्युत यंत्रणा आणि आयसीएफचे डबे अशी पांढरी-जांभळी गाडी पश्चिम रेल्वेवर आली. जागतिक बँकेचं कर्ज होतं त्यामागे. ही गाडी ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडते. छतावरच्या यंत्रातून बाहेरची हवा आत ढकलली जाते. पहिल्यांदा मी तीत शिरलो तेव्हा घाटकोपरची गर्दी चढूनही टाळूवर वारा लागत होता. मी वर बघतच राहिलो.

त्या दिवसांत दोन विजांच्या सीमेवर दिवे जायचे, पंखे थांबायचे आणि गाडी आपल्याच वेगाने पुढे सरकायची. काही क्षण सगळं शांत. आमच्या डब्यातल्या भजनी मंडळाचा अभंग त्या अंधारात एकदम मोठा वाटायचा, टाळ मात्र एकाचाही चुकायचा नाही.

पश्चिम रेल्वेवर हे काम फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर जून २०१५ मध्ये. उरली हार्बर. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला (व्हीटीचं तेव्हाचं नाव) शेवटची डीसी लोकल गेली आणि तारेतली वीज बदलली. ९१ वर्षांपूर्वी जिथे पहिली गाडी धावली, त्याच मार्गावर शेवटची. त्या आठवड्यात मी मुद्दाम वाट वाकडी करून मस्जिदपासून वडाळ्यापर्यंत एक चक्कर मारली, फक्त ते खटके ऐकायला. हार्बरला ९ चे १२ डबेही त्यानंतरच मिळाले.

पुढचं थोडक्यात सांगतो. पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये १५ डब्यांची लोकल सुरू झाली, पण प्लॅटफॉर्म सगळीकडे तेवढे लांब नाहीत. २०१५ मध्ये बॉम्बार्डियर कंपनीची यंत्रणा असलेल्या गाड्या आल्या, मग हैदराबादच्या मेधा कंपनीच्या. एसी, म्हणजे वातानुकूलित लोकल आधी मध्य रेल्वेसाठी कुर्ला कारशेडला आणली होती, पण ती उंच आणि आमचे पूल बुटके, म्हणून ती पश्चिमेला गेली आणि २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवली-चर्चगेट धावली. आमच्याकडे ठाणे-पनवेलला ती जानेवारी २०२० मध्ये आली.

पण साध्या लोकलमध्ये इतक्या वर्षांत एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे दार. हाताने सरकवायचं, म्हणजे प्रत्यक्षात कायम उघडं. मीही कित्येक वर्षं दारातच उभा राहिलो, कारण आत श्वास घ्यायला जागा नसायची. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडून दगावली, ते वळण मी हजारो वेळा पार केलंय. त्यानंतर रेल्वेने बिगर-एसी लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं जाहीर केलं. दाराला हवेसाठी झडपा, छतावरून ताजी हवा, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट. दार बंद केलं की आतली माणसं गुदमरतील, हीच इतकी वर्षं अडचण होती. ती गाडी कर्जत-कसाऱ्याच्या माणसाला साध्या सेकंड क्लासच्या पासात मिळायला हवी, एसीच्या भाड्यात नाही.