एफडी मोडून थ्रीडी प्रिंटर घ्यावा का?

सांगलीच्या गावभागातून एका वाचकांनी विचारलंय. नोकरी कुपवाड एमआयडीसीत, घरात दोन शाळकरी मुलं, शिल्लक म्हणजे ८० हजारांची एकुलती एक एफडी. ती मोडून ३५ हजारांचा थ्रीडी प्रिंटर (प्लास्टिक वितळवून थरावर थर देत वस्तू बनवणारं मशीन) घ्यायचा विचार आहे. घरातले तुटके भाग, मुलांचे प्रोजेक्ट होतील आणि कीचेन, नावाच्या पाट्या विकून पैसे वसूल होतील, असा त्यांचा हिशोब.

एफडीला हात लावू नका. २०१९ आणि २०२१ चा पूर गावभागातल्या माणसाला मी काय सांगावा? आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागलं की टेम्पो, भाड्याची खोली, सगळ्याला रोख लागते. ती एफडी त्यासाठी आहे.

आता वसुली बघू. ४० ग्रॅमची पाटी धरा. फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार) किलोला हजार रुपये, म्हणजे ४० रुपयांचा माल. वीज, बिघडलेले नग, पॅकिंग मिळून आणखी २०. दीडशेला विकलीत तर सुटले ९०. प्रिंटरचे पैसे निघायला जवळजवळ ३९० पाट्या लागतील. एका पाटीला तीन तास धरले आणि ड्युटीवरून आल्यावर रोज दोनच काढल्या, तर १९५ दिवस. तेही रोज गिऱ्हाईक असेल तर! मशीन छापून देतं, गिऱ्हाईक आणून देत नाही. शिवाय नेटवर फुकट मिळणाऱ्या कितीतरी डिझाइनना विक्रीची परवानगी नसते, ती अट आधी वाचा.

घरगुती वापर खरा आहे, पण थोडा. मिक्सरचं बटण, पडद्याच्या रॉडची टोपी, नळाला अडकवायचा हुक, वर्षाला असे पाच-सहा भाग. कुकरची मूठ मात्र छापू नका. पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं. मुलांच्या शिकण्याची किंमत मी रुपयांत मांडत नाही. त्यासाठी घेत असाल तर तो छंदाचा खर्च समजा, धंद्याचं भांडवल नव्हे.

म्हणून आधी ऑर्डरी घ्या. गणपतीच्या आधी ओळखीतून पंधरा-वीस पाट्यांची मागणी जमवा आणि ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडून जॉबवर्कने छापून घ्या. नफा कमी सुटेल, पण लोक दुसऱ्यांदा मागतात का ते कळेल. तोवर महिना तीन हजारांची आरडी सुरू करा. वर्षात ३६ हजार आणि वर व्याज. आणि प्रिंटर आलाच तर तो ठेवायला वरच्या मजल्यावरची जागा बघा.