मुलगी १५ वर्षांची, दात पुढे आलेले. नाशिकच्या कॉलेज रोडचे एक डॉक्टर म्हणतात अलाइनर (काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) लावा, दुसरे म्हणतात चार दात काढून तारा लावा. कुणाचं ऐकावं?

तुमचा खरा प्रश्न अलाइनर की तारा हा नाहीच. दात काढायचे की नाही, हे आधी ठरू द्या.

त्यासाठी दोघांकडेही सेफॅलोग्राम मागा, म्हणजे चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, सगळेच काढतात, त्यात मुळं आणि अक्कलदाढा दिसतात. पण पुढचे दात किती कललेत ते सेफॅलोग्राममध्येच मोजता येतं. शिवाय जागा किती मिलिमीटर कमी पडते ते विचारा. २-३ असेल तर दातांच्या कडा किंचित घासून भागतं. ७-८ असेल आणि दातही पुढे असतील, तर सहसा सुळ्यामागची लहान दाढ काढावी लागते. ती साधारण ७ मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंची मिळून एका जबड्यात १४ सुटतात. न काढता रेटलं तर दात रांगेत येतील, पण ओठ आणखी पुढे दिसतील.

काढायचेच ठरले तर मी तारा सुचवेन. एवढी मोठी फट अलाइनरने बंद करताना दाताचा वरचा भाग सरकतो, मूळ मागे राहतं आणि दात फटीत कलंडतात. त्यात अलाइनर दिवसाला २०-२२ तास तोंडात हवेत. शाळा, क्लास, डबा सांभाळून ती पाळेल का, हे तुम्हीच जाणता.

पाटीवर नुसतं एमडीएस (दातांच्या डॉक्टरांची पदव्युत्तर पदवी) बघू नका, ती ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत आहे का ते बघा. डॉक्टर ठरावीक वारीच येत असतील, तर मध्येच ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेला तुकडा) निघालं किंवा तार गालाला टोचली तर कोण बघणार? खर्च झेपत नसेल तर पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजात चौकशी करा. चकरा जास्त पडतील. कोटेशनमध्ये दात काढणं आणि रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) धरलेत का, लेखी घ्या. रिटेनर टाळला की दात परत फिरतात, मग सगळं पाण्यात.

दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट घेतलेच, तर त्यावरची पारदर्शक रबरं मिसळीच्या तर्रीने एका बैठकीत पिवळी पडतात. राखाडी मागा.