पायरोग्राफीच्या पेनचे टोक काळे पडते तेव्हा

प्रश्न : सागाच्या फळीवर पायरोग्राफी, म्हणजे तापलेल्या पेनने लाकूड जाळून नक्षीकाम, करताना पेनच्या तारेच्या टोकावर काळा थर बसतो, रेघ अडखळते आणि छटा डागाळतात. टोक कशाने साफ करावे?

उत्तर : हा थर जळलेल्या लाकडाच्या कार्बनचा असतो. तो उष्णता लाकडापर्यंत नीट पोहोचू देत नाही, म्हणून आपण तापमान वाढवत जातो आणि थर आणखी जाड होतो. सागासारख्या तेलकट लाकडावर हे लवकर घडते. वीज बंद करून टोक पूर्ण थंड झाल्यावर चाकूच्या बोथट पाठीने थर अलगद खरवडावा, आणि मग चामड्याच्या पट्टीला धातूच्या पॉलिशची पेस्ट चोळून त्यावर टोक आपल्याकडे ओढत, ते आरशासारखे चकाकेपर्यंत घासावे. गुळगुळीत टोक लाकडावर न अडकता सरकते, हे पहिल्याच वळणदार रेघेत हाताला जाणवेल.

खरखरीत सँडपेपर मात्र कटाक्षाने टाळावा, कारण पेनच्या टोकाची नायक्रोमची (निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार मुळातच बारीक असते. ती जिथे झिजते तिथे अधिक तापून तुटते, शिवाय पडलेल्या चऱ्यांत कार्बन घट्ट धरून बसतो. टोक लालभडक करून थर जाळण्याची सवयही तारेचे आयुष्य घटवते. स्क्रूने बसणाऱ्या पितळी टोकांना पितळी तारांचा मऊ ब्रश पुरतो.